बारावीची बायोलॉजी वाया जात नाही



नीटचा निकाल लागला की पुढचे दोन-तीन आठवडे माझ्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. आई-वडील आलेले असतात बीपी नाहीतर शुगर दाखवायला. मी कफ गुंडाळून ठेवते, औषधं लिहायला घेते, आणि मग हळूच विषय निघतो. "मॅडम, पोराला सीट लागली नाही. दोन वर्षं बायोलॉजी घेऊन बसला. आता त्याचा काय उपयोग?"

माझा दवाखाना विष्णुपुरीत आहे. या परिसरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकीची मोठी संस्था आहे, विद्यापीठ आहे. नांदेड शहरात नीटच्या क्लासेसना आलेली मुलं तर मोजता येणार नाहीत इतकी. लातूरची गोष्ट वेगळी सांगायला नको. त्यामुळे अकरावी-बारावीची मुलं आणि त्यांचे पालक हा माझ्या रुग्णांमधला मोठा गट आहे, आणि हा प्रश्न मला नवा नाही.

आधी साधा हिशेब बघू. गेल्या काही वर्षांत देशभरातून बावीस-तेवीस लाख मुलं नीट देतात. एमबीबीएसच्या जागा आहेत सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे साधारण अठरा-वीस मुलांमागे एक जागा. परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० बायोलॉजीचे, म्हणून मुलं दोन वर्षं याच विषयाला चिकटून असतात. बायोलॉजीचा उपयोग फक्त डॉक्टर होण्यासाठी असेल, तर या वीसमधल्या एकोणीस मुलांची मेहनत मातीत गेली असं म्हणावं लागेल.

मला तसं वाटत नाही. तीस वर्षं रुग्ण तपासल्यावर माझं मत असं झालंय की अकरावी-बारावीची बायोलॉजी ही आपल्याकडच्या बहुतेक माणसांना स्वतःच्या शरीराबद्दल मिळणारी शेवटची नीट माहिती असते. त्यानंतर आयुष्यभर कुणी शिकवत नाही. डॉक्टरकडे पाच मिनिटं मिळतात, बाकी सगळं शेजारी आणि मोबाइलवरचे मेसेज. म्हणून ही दोन वर्षं कशी शिकली जातात, याची मला डॉक्टर म्हणून काळजी वाटते.

आमच्या वेळची बायोलॉजी

मी बारावी झाले १९८०च्या दशकाच्या शेवटी. तेव्हा नीट नव्हती, बारावीच्या बोर्डाच्या गुणांवरच मेडिकलचा प्रवेश ठरायचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पेशी, तंतुकणिका, स्वादुपिंड, संप्रेरक हे शब्द तोंडात बसलेले. अकरावीत गेल्यावर एका रात्रीत सगळं इंग्रजी झालं. तंतुकणिकेचं मायटोकॉन्ड्रिया झालं, स्वादुपिंडाचं पॅन्क्रिया झालं. पहिले चार महिने मी धडा वाचत नव्हते, स्पेलिंग वाचत होते. मराठवाड्यातल्या खेड्यातून आलेल्या मुलांची आजही हीच तऱ्हा असते. इंग्रजी शब्दांशी झगडण्यात सगळी ताकद जाते आणि आपण नक्की कशाबद्दल वाचतोय, हे मागे पडतं.

प्रॅक्टिकलला बेडकाचं विच्छेदन असायचं. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून ठेवलेला बेडूक, छाती उघडलेली, आणि आत त्याचं छोटंसं हृदय धडधडत असलेलं. बेडूक शुद्धीवर नाही, तरी हृदय चालूच. सरांनी सांगितलं, हृदयाला ठोका द्यायला मेंदूच्या हुकमाची गरज नसते, त्याची वीज त्याच्यातच तयार होते. आता ही विच्छेदनं बंद झाली आणि ते योग्यच झालं. पण पेसमेकर बसवायचा म्हटल्यावर घाबरलेल्या नातेवाइकांना मी आजही हेच सांगते. हृदयात जन्मतःच एक वीजघर असतं, ते थकलं म्हणून बाहेरून छोटी बॅटरी जोडायची. बारावीच्या पुस्तकातलं एक पान आहे ते.

"ते चॅप्टर माझं झालंय"

काही वर्षांपूर्वी एक वडील आपल्या मुलीला घेऊन आले. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगी होस्टेलवर राहून नीटची दुसऱ्यांदा तयारी करत होती. तक्रार अशी की अभ्यासात लक्ष लागत नाही, दोन जिने चढले की धाप लागते, छाती धडधडते, आणि आदल्या दिवशी टेस्टच्या रांगेत उभी असताना चक्कर येऊन पडली. वडिलांना वाटत होतं टेन्शन आहे. मैत्रिणी म्हणत होत्या चष्म्याचा नंबर वाढला असेल.

मी तिच्या पापणीची आतली बाजू पाहिली. पांढरीफटक. नखं फिकट. विचारलं, "काही वेगळं खावंसं वाटतं का?" आधी लाजली, मग म्हणाली, मेसमधून कच्चे तांदूळ आणून खाते. पाळी सात-आठ दिवस, भरपूर अंगावरून जातं. सकाळी चहा-बिस्कीट, नाष्टा नाही, कारण क्लासची वेळ. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ६.९.

मी तिला विचारलं, "हिमोग्लोबिन काय असतं ग?"

तिनं एका दमात सांगितलं. चार साखळ्या, प्रत्येकीत एक हीम, प्रत्येक हीममध्ये लोहाचा एक अणू, म्हणजे एका रेणूला ऑक्सिजनचे चार रेणू. तांबड्या पेशीचं आयुष्य १२० दिवस. प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२च्या वर हवं. सगळं बिनचूक.

"मग तुझी ही लक्षणं बघून तुला काय वाटलं?"

ती गोंधळली. म्हणाली, "मॅडम, ते चॅप्टर माझं झालंय."

मला त्या मुलीचा राग आला नाही, आणि तिच्या शिक्षकांचाही नाही. तिनं तो धडा चार पर्यायांतला एक निवडण्यासाठी वाचला होता आणि त्या कामात ती हुशारच होती. पण ते रक्त स्वतःच्या अंगात वाहतंय, ही गोष्ट त्या धड्यात कुणी तिला सांगितली नव्हती.

ही एकटीची गोष्ट नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. म्हणजे बायोलॉजीच्या वर्गात दहा मुली बसल्या असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणी रक्तक्षयाचा धडा रक्तक्षय अंगात घेऊनच शिकत असण्याची शक्यता आहे.

पंप ठीक, पाणी पातळ

त्या मुलीला मी जे समजावलं, ते तुम्हालाही सांगते.

विष्णुपुरीचा प्रकल्प सगळ्यांना माहीत आहे. गोदावरी खाली, शेतं वर. म्हणून पंपानं पाणी उचलून कालव्यात सोडावं लागतं. आपलं हृदय तेच काम करतं. मुठीएवढा पंप, एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतो. मिनिटाला ७२ ठोके धरले तर पाच लिटर. दिवसाचा हिशेब केला तर सात हजार लिटरच्या वर जातो.

आता समजा पंप उत्तम आहे, पण पाण्यातून जे खत शेताला जायचं ते निम्मंच मिसळलंय. पीक पिवळं पडणार. मग मालक काय करतो? पंप जास्त वेळ चालवतो. रक्तक्षयात हेच होतं. प्रत्येक फेरीत ऑक्सिजन कमी जातो, म्हणून हृदय जास्त वेगानं पळतं. तीच ती धडधड. जिना चढताना स्नायूंची मागणी वाढते, ती भागत नाही, म्हणून धाप. रांगेत बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायाकडे साठतं, मेंदूला आधीच तुटपुंजं मिळत असतं ते आणखी कमी होतं, म्हणून चक्कर. लोह कमी पडलं की अभ्यासातलं लक्षही उडतं. कच्चे तांदूळ, खडू, माती, बर्फ खावासा वाटणं हेही लोहाच्या कमतरतेचं ओळखीचं लक्षण आहे. घरात कुणी असं खात असेल तर रागावू नका, रक्त तपासा.

आपल्या हाडांच्या मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी तयार होतात. कारखाना चोवीस तास चालू असतो, कच्चा माल मात्र आपण पुरवायचा. आपल्याकडे तो महाग नाही. बाजरी, हरभऱ्याची भाजी, तीळ, कारळाची चटणी, आळीव, मांसाहार करत असाल तर मटण-कलेजी. भाजीपाल्यातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, पण सोबत लिंबू पिळलं तर चांगलं शोषलं जातं. उलट जेवणासोबतचा चहा ते अडवतो. म्हणून चहा आणि जेवण यांत तासाभराचं तरी अंतर ठेवा.

लोहाची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती चहा किंवा दुधासोबत घेऊ नका. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. आणि हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून लगेच थांबवू नका. रिकामं झालेलं कोठार भरायला पुढे साधारण तीन महिने लागतात. लोह कमी का झालं, हे शोधणंही तितकंच गरजेचं. जास्त पाळी, पोटातले जंत, उपाशी राहणं, कधी पोटातला रक्तस्राव. कारण तसंच राहिलं तर गोळ्या संपल्यावर पुन्हा पहिले पाढे.

त्या मुलीला सुरुवातीला सलाईनमधून लोह द्यावं लागलं, नंतर गोळ्या. पाळीच्या त्रासासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तीन-चार महिन्यांत तिचं हिमोग्लोबिन ११.८ झालं. पुढे तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला. सुट्टीत आली तेव्हा सोबत धाकटी बहीण होती. म्हणाली, "मॅडम, हिच्या पापण्या बघा, मला फिकट वाटतात." तपासलं, तर बहिणीचं ९.४ निघालं. माझ्या मते तो धडा तिचा त्या दिवशी झाला.

पाठ केलेले आणखी तीन धडे

पहिला डासांचा. मलेरियाच्या परजीवीचं जीवनचक्र मुलं झोपेतही काढतील. हा शोध आपल्यापासून फार लांब लागलेला नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. तेव्हा नांदेडही त्याच निजामाच्या राज्यात होतं. १९०२ साली रॉस यांना नोबेल मिळालं. आता आपल्याकडे जास्त त्रास देतो तो डेंग्यूचा एडिस डास. तो दिवसा चावतो आणि घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मराठवाड्यात नळाला रोज पाणी नाही, म्हणून घरोघरी ड्रम, हौद, रांजण. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो याच हिशेबानं. शिवाय एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही, आतून घासावा लागतो. होस्टेलवरच्या किती मुलांनी आपल्या खोलीबाहेरच्या ड्रममध्ये वाकून वळवळणाऱ्या अळ्या पाहिल्या आहेत? पुस्तकातली आकृती तिथे जिवंत असते.

दुसरा उत्क्रांतीचा. निसर्गनिवडीचा धडा म्हणजे जिराफाची मान, एवढंच अनेकांच्या लक्षात राहतं. पण तीच गोष्ट आपल्या पोटात आणि घशात रोज घडते. अँटिबायोटिक घेतलं की कमकुवत जिवाणू मरतात, तगडे उरले तर तेच वाढतात. सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतं, तिथे अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. तरी मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या जातात. मग खरंच न्यूमोनिया होतो तेव्हा साधं औषध चालत नाही. अँटिबायोटिक डॉक्टरांनी दिलं तरच, आणि सांगितलं तेवढे दिवस घ्यावं, हा नियम त्या धड्यातूनच निघतो.

तिसरा आनुवंशिकतेचा. सिकलसेलचा प्रश्न परीक्षेत येतो: बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. मुलं एक गुण पदरात पाडून पुढे जातात. पण आपल्या किनवट-माहूर पट्ट्यात आणि विदर्भात या एका बदलानं त्रासलेली घरं आहेत. आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. साधी रक्ततपासणी आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२३मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू केली आहे. पनेट चौकोन काढता येणाऱ्या मुलानं घरातल्या लग्नाच्या बोलणीत "दोघांची तपासणी करून घेऊ" एवढं म्हटलं, तरी पुढच्या पिढीचं दुःख टळू शकतं.

आजीला सांगता येईल का?

मुलं विचारतात, बायोलॉजी लक्षात कशी ठेवायची? लातूर पॅटर्ननं एक गोष्ट फार आधी ओळखली होती: पुन्हा पुन्हा परीक्षा द्या. ते शास्त्राला धरून आहे. तेच पान दहा वेळा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवलं की स्मरण पक्कं होतं. मी त्यात एकाच गोष्टीची भर घालते. धडा झाला की तो घरातल्या एखाद्या माणसाला घरच्या भाषेत सांगा. आकृती कोऱ्या कागदावर हातानं काढा आणि इंग्रजी शब्द न वापरता समजावा. जिथे अडखळाल, तिथे तुम्हाला समजलेलं नाही.

यातून काय होतं, ते माझ्याच दवाखान्यात दिसलं. एका आजीबाईंची शुगर चांगली आटोक्यात आली होती. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी साखर तीनशेच्या वर. मी समजावत होते, आजीबाईंचा एकच हेका, "नॉर्मल आली व्हती की!" सोबत नातू होता. दोनदा नीट दिलेला, सीट न लागलेला, आता बी.एस्सी. करत शेती बघणारा. तो म्हणाला, "आजी, मोटार चालू हाय म्हून दंडाला पाणी येतंय. पाणी आलं म्हून कुणी मोटार बंद करतं का?"

आजीबाई हसल्या. त्यानंतर गोळी चुकली नाही. नातवानं एक वही केली आहे, तारीख, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर. इन्सुलिनचं काम, यकृतातला साखरेचा साठा, सगळं त्याला माहीत आहे, कारण तो धडा त्यानं दोन वर्षं घोटला होता. त्या घरात एमबीबीएस कुणी झालं नाही. पण आजीचे पाय, डोळे, किडनी बहुधा शाबूत राहतील, आणि त्यात त्या वहीचा मोठा वाटा असेल.

पालकांना आणि मुलांना चार गोष्टी

• होस्टेलवर मुलगी असेल तर वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासा. दम लागणं, धडधड, सतत थकवा, जास्त पाळी, माती-खडू-तांदूळ खाणं, यातलं काही असेल तर लगेच. मुलांनाही रक्तक्षय होतो, फक्त त्यांच्यात तो कमी आढळतो.

• या वयात आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो. पहाटे तीनपर्यंत जागून वाचलेलं सकाळी सांडून जातं.

• नाष्टा टाळू नका. क्लासची वेळ सकाळी सातची असेल तर डब्यात भाकरी-चटणी, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं, जे जमेल ते द्या.

• मूल गप्प झालं, जेवण सोडलं, "माझ्याकडून काहीच होणार नाही" असं बोलू लागलं, तर त्याला अभ्यासाचा कंटाळा समजू नका. शांतपणे ऐका, डॉक्टरांना भेटा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते.

आणि ज्यांच्या मुलांना सीट लागली नाही, त्या पालकांना एक विनंती. ती जाडजूड पुस्तकं रद्दीत घालू नका. आज रात्री जेवताना मुलाला विचारा, "माझी बीपीची गोळी नेमकं काय काम करते रे?" किडनी, मीठ, रक्तवाहिन्या यांबद्दल त्याला माझ्यापेक्षा ताजं आठवत असेल. सांगू द्या त्याला. गेले काही आठवडे घरात कुणी त्याच्याकडे नजर वर करून पाहिलं नसेल, तर सुरुवात करायला हा प्रश्न बरा आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतंही औषध सुरू किंवा बंद करू नका.)